पन्नासच्या आत

कुमुदला मशिनवर हुडहुडी भरायला लागली ती जानेवारीच्या शेवटी. चार तासांच्या डायालिसिसमधला पहिला तास नीट जायचा, मग दात वाजायला लागायचे. नर्स दोन ब्लँकेटं घालायची, एक इंजेक्शन द्यायची आणि अर्ध्या तासात सगळं शांत व्हायचं. "सर्दी का मौसम है, माताजी," असं तिला सांगायचे. कुमुद तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती आणि तिला हुडहुडीपेक्षा ते माताजी जास्त झोंबायचं.

कुमुद माझी धाकटी बहीण. फरीदाबादच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. तिचा नवरा अविनाश तिथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांना मूल नव्हतं. मी लग्न केलं नाही. मयूर विहारला वडिलांनी सोसायटीत घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहते आणि रोज मेट्रोने फरीदाबादला जाते. तिथे पाणी आणि खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव विभाग माझ्याकडे आहे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीमुळे दिल्लीत आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. आधी ते गेले, मग आई गेली. त्यानंतर आम्ही दोघीच एकमेकींचं माहेर होतो.

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि ऑगस्टपासून आठवड्यातून तीनदा डायालिसिस सुरू झालं. घराजवळच्या एका छोट्या सेंटरमध्ये. डायालिसिसला पाणी लागतं, पुष्कळ लागतं. एका वेळेला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी माणसाच्या रक्ताशेजारून वाहून जातं आणि मध्ये असतो फक्त एक पातळ पडदा. म्हणून त्या पाण्यात जिवाणू किती आहेत हे दर महिन्याला मोजावं लागतं. एका मिलिलिटरमध्ये शंभरच्या वर असले तर ते पाणी वापरायचं नाही. पन्नासच्या वर गेले की टाकी आणि पाइप धुवायला घ्यायचे. पन्नासच्या आत असले की ठीक.

मी सेंटरच्या मॅनेजरला भेटले आणि त्यांचं पाणी आमच्या प्रयोगशाळेकडे वळवून घेतलं. बहीण जिथे रुग्ण आहे तिथलं पाणी मी तपासावं का, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. माझ्या हातात असलं म्हणजे नीट होईल, एवढंच वाटलं.

पहिले चार महिने मी नेहमीच्या पद्धतीने पाणी लावलं. काचेच्या बशीत एक मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यावर जिवाणूंचं खाणं मिसळलेलं, वितळलेलं गरम अगार ओतायचं, ते जेलीसारखं थिजलं की दोन दिवस उबदार कपाटात ठेवायचं. एकेका जिवाणूपासून एकेक ठिपका वाढतो. त्या ठिपक्याला आम्ही कॉलनी म्हणतो. कॉलन्या दोन, तीन, कधी एक यायच्या.

मला तो आकडा फार चांगला वाटला, म्हणूनच शंका आली. शुद्ध पाण्यात राहणारे जिवाणू उपासमारीला सरावलेले असतात. गरम अगारने ते मरतात, जास्त खाणं दिलं तर वाढत नाहीत, आणि दोन दिवस त्यांना पुरत नाहीत. मी महिनाभर वाचन केलं आणि आमचे मुख्य बत्रा साहेब यांना पटवून पद्धत बदलून घेतली. कमी पोषणाचं अगार आधीच थिजवून ठेवायचं, त्यावर पाणी पसरायचं, कपाटाऐवजी थंड खोलीत सात दिवस ठेवायचं. थिजलेल्या अगारवर एक मिलिलिटर पाणी जिरत नाही, तरंगत राहतं. म्हणून एक दशांश मिलिलिटर घ्यायचं. जानेवारीपासून कुमुदच्या सेंटरचं पाणी मी असं लावायला लागले. ही सगळी खटपट एका माणसासाठी होती, पण साहेबांना मी तसं सांगितलं नाही.

जानेवारीत सव्वीस कॉलन्या आल्या. मी खूश झाले. पूर्वी न दिसणारे आता दिसत होते, आणि तरीही आकडा पन्नासच्या आत होता.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी अर्धी रजा घेऊन मी कुमुदजवळ जाऊन बसले. हातातली शीर बंद पडल्यामुळे तिच्या मानेत नळी घातली होती. त्यामुळे दोन्ही हात मोकळे होते आणि ती मांडीवर नववीचे पेपर घेऊन तपासत होती.

"ताई, तुझी पोरं किती झाली या महिन्यात?" तिने मान न वळवता विचारलं.

"एकतीस."

"अगं बाई! आणि सगळी एका बशीत. नकाशा मंजूर आहे का? नाहीतर अनऑथराइज्ड कॉलनी म्हणून बुलडोझर येईल."

शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मराठी न कळूनही बुलडोझर ऐकून हसले.

"थट्टा पुरे," मी म्हटलं. "थंडी वाजतेय का आज?"

"अजून नाही. पावणेअकराला येते ती, एकदम वक्तशीर. तोवर मला हिशेब समजाव. एकतीस म्हणजे कशातले एकतीस?"

मी तिच्या पेपरांच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद घेतला. "कॉलन्या मोजायच्या. पंचवीस ते अडीचशेच्या मध्ये असल्या तरच तो आकडा धरायचा. त्याहून कमी आल्या तर योगायोगही असू शकतो, जास्त आल्या तर एकमेकींत मिसळतात. मग नमुना जितका पातळ केला असेल आणि प्लेटवर जितका घातला असेल, त्याने भागायचं."

"उदाहरण दे. माझ्या मठ्ठ पोरांनाही उदाहरणच लागतं."

"नाल्याचं पाणी घे. ते मी दहा हजार पट पातळ करते, त्यातलं एक मिली प्लेटवर घालते. बेचाळीस कॉलन्या आल्या. म्हणजे नाल्याच्या एका मिलीत चार लाख वीस हजार."

"अच्छा. आणि माझं?"

"तुझं पातळ करावं लागत नाही. तसंच घालते."

"किती?"

"एक मिली."

"म्हणजे एकतीसला एकाने भागायचं." तिने लाल पेनने कागदावर एकतीस लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "यार ताई, याला एम.एस्सी. लागते?"

मी हसले. तेरा वर्षं नळाचं, विहिरीचं, नाल्याचं पाणी मी एक मिलीच घालत आले होते आणि उत्तर आपोआप तोंडून निघालं. तिच्या पाण्याचा मात्र मी दहावा भाग घालत होते. तेवढ्यात एकतीस, म्हणजे पूर्ण मिलीत तीनशे दहा. कागदावर पेन टेकवून कुमुद मला बरोबर तोच प्रश्न विचारत होती आणि मला काहीही जाणवलं नाही.

कॉम्प्युटरवरही तसंच झालं होतं. हिशेबाची फाइल मीच पूर्वी बनवलेली. प्लेटवर किती पाणी घातलं, त्या चौकोनात मी १ हा आकडा बसवला होता आणि कुणी चुकून बदलू नये म्हणून त्या चौकोनाला कुलूप घातलं होतं.

पावणेअकराला कुमुदने पेपर माझ्या हातात दिले. तिच्या ओठांचा रंग बदलला. मी तिचे पाय ब्लँकेटवरून दाबून धरले आणि ती दात वाजत असतानाही म्हणाली, "घड्याळ लाव."

मार्चमध्ये चौतीस. एप्रिलमध्ये एक्केचाळीस.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. अविनाश ताटं घेत होता. कुमुदने माझ्याकडे न बघता कोशिंबीर कालवत म्हटलं, "लक्ष्मीनगरला एक सेंटर आहे म्हणे. शाळेतल्या एका मॅडमचे सासरे जातात. तुझ्या घराजवळ पडेल."

"आणि इथून तुला दीड तास. डायालिसिस करून पुन्हा दीड तास परत. कशाला?"

"थंडी जात नाही गं. आता एप्रिल आहे. बाहेर लोक कूलर लावायला लागलेत आणि मी तिथे कुडकुडते."

"मी बोलले डॉक्टरांशी. कधी नळीमुळे होतं, कधी मशिनच्या फिल्टरमुळे. पाण्यामुळे नाही, ते मी बघितलंय. एक्केचाळीस आहे, पन्नासच्या आत. तिकडचा आकडा मला माहीत नाही, कुमुद. इथला माहीत आहे."

"बरोबर आहे ताईंचं," अविनाश म्हणाला. "आपल्या माणसाच्या नजरेखाली आहे ते सोडून कुठे जायचं?"

कुमुदने कोशिंबिरीची चव घेतली. "मीठ कमी आहे," ती म्हणाली, "पण मला चालत नाही, म्हणून तुम्हालाही नाही." मग आम्ही जेवलो.

एकवीस तारखेला ती ताप घेऊनच घरी आली. रात्रीतून दवाखान्यात हलवली. रक्तात संसर्ग पसरला आहे, असं सांगितलं. चोवीस एप्रिलला, सोमवारी सकाळी, तिच्या डायालिसिसच्या वेळेला ती गेली.

तेराव्याला अविनाशच्या घरी पंचवीसएक माणसं होती. त्याची भावंडं नागपूरहून आली होती. जेवणानंतर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "आमच्या हातात जे होतं ते सगळं केलं. ताईंनी तर पाण्याचा थेंबन् थेंब तपासला. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं." त्याच्या थोरल्या वहिनींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी मान खाली घालून बसले होते. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला तेवढ्याच एका गोष्टीचा आधार होता.

मी कामावर परत गेले. मी नसताना मे महिन्याचं पाणी आमच्या मिसेस रावतनी लावलं होतं. सात दिवस पूर्ण झाले होते. मी प्लेटा थंड खोलीतून काढल्या आणि उजेडावर धरल्या. अडतीस. फाइल उघडून अडतीस टाकलं. उत्तराच्या चौकोनात अडतीस आलं.

प्लेट परत ठेवताना झाकणाकडे लक्ष गेलं. मिसेस रावतना ही पद्धत नवी होती. म्हणून त्यांनी झाकणावर नाव आणि तारखेखाली काळ्या पेनने बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली होती: ०.१ मिली. मी कधी लिहीत नसे. मला माहीत होतं, म्हणून.

मी त्या ओळीकडे किती वेळ बघत होते, सांगता येणार नाही. मग रजिस्टर काढलं. कागद घेतला आणि हाताने मांडलं, कारण फाइलवर माझा विश्वास उरला नव्हता. सव्वीस भागिले एक दशांश, दोनशे साठ. एकतीस, तीनशे दहा. चौतीस, तीनशे चाळीस. एक्केचाळीस, चारशे दहा. दर मिलिलिटरला चारशे दहा, एका वेळेला सव्वाशे लिटर. म्हणजे पाच कोटी बारा लाख पन्नास हजार. आठवड्यातून तीनदा.

पडदा धड असेल तर जिवाणू त्यातून पलीकडे जात नाहीत. ते मेल्यावर त्यांच्यातून जे विष सुटतं ते जातं. त्याने थंडी वाजते. हे मला पदवीच्या वर्गापासून माहीत आहे.

बत्रा साहेबांच्या खोलीत मी पाचही प्लेटांचे हिशेब ठेवले. त्यांनी दोनदा वाचले. चष्मा काढला.

"इस महीने की रिपोर्ट आज ही भेज दीजिए," ते म्हणाले. "मैं खुद फोन करता हूँ, आज से मशीनें बंद."

"पुराने चार भी सर. सुधारी हुई रिपोर्ट."

"हेमलता जी." त्यांनी कागद खाली ठेवले. "वहाँ अठारह मरीज़ हैं. इस एक काग़ज़ से अठारह के अठारह बच गए. पुराने चार से किसका भला होगा? आपका तो नहीं."

"उन चारों में उन्नीसवीं मरीज़ है, सर."

सही करायला पेन त्यांनीच माझ्याकडे सरकवलं. त्या संध्याकाळी सेंटर बंद झालं. रुग्ण दुसरीकडे हलवले. शनिवारी पाइप उघडले तेव्हा एका कोपऱ्यात, जिथे पाणी साठून राहत होतं, तिथे आतून बुळबुळीत थर निघाला. मॅनेजरने फोनवर सांगितलं, अजिबात रागावला नव्हता. "अच्छा हुआ पकड़ में आ गया," म्हणाला.

अविनाशने मला रविवारी बोलावलं होतं, कुमुदच्या साड्या बघायला. मी मेट्रोत बसले आणि पूर्ण वाटेत एकच वाक्य जुळवत होते. ते जुळलं नाही. न सांगण्याची सगळी कारणं माझ्याकडे होती आणि एकही खोटं नव्हतं. कुमुद परत येणार नव्हती. संसर्ग मानेतल्या नळीतूनही झाला असेल. दवाखान्यात तो कुठून आला हे कळण्याइतका वेळच मिळाला नाही. अविनाश माझा एकटाच उरला होता. कुमुदबद्दल बोलायला जगात दुसरं माणूस नव्हतं.

त्याने पलंगावर साड्यांचे ढीग लावले होते. रोजच्या एकीकडे, रेशमी एकीकडे. "ही शाळेच्या गॅदरिंगची," तो म्हणाला, "ही तुमच्या आईंची आहे ना? ही तुम्हीच घ्या. बसा, मी चहा टाकतो. आता मला जमायला लागलाय, हसू नका."

"चहा नको. अविनाश, आधी बसा तुम्ही."

मी पर्समधून चार कागद काढले. जे घडलं ते क्रमाने सांगितलं. पद्धत बदलली, पाणी दहावा भाग घातलं, भागाकार केला नाही. तो कामातला माणूस. त्याने मध्ये एकदाच थांबवलं.

"म्हणजे चार महिने तुम्ही एकाने भागलंत. एक दशांशने भागायला हवं होतं."

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने चारही कागद पुन्हा बघितले, तारखा बघितल्या. एप्रिलचा वर ठेवला. चारशे दहा या आकड्यावर त्याचं बोट होतं.

"याच्यामुळेच गेली का ती?"

"सांगता येत नाही. थंडी याच्यामुळे वाजत होती. संसर्ग याच्यामुळे झाला की नळीमुळे, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, जानेवारीत मी नीट भागलं असतं तर पाइप जानेवारीत उघडले असते."

खाली कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. अविनाश उठला, खिडकी लावली, परत येऊन बसला.

"एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगणार नव्हतो," तो म्हणाला. "पण आता तुम्ही सांगितलंत, तर मी ठेवून काय करू. लक्ष्मीनगरला तिने जागा ठरवली होती. फोन करून. त्या रविवारी तुम्ही जेवून गेलात ना, त्यानंतर. बुधवारपासूनची वेळ मिळाली होती. टॅक्सीवाल्याशीही बोलली होती."

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"मंगळवारी स्वतःच रद्द केली. मी म्हटलं, का गं, जाऊन तर बघू. तर म्हणाली, ताईने एवढं वाचलं, पद्धत बदलली, महिन्याच्या महिन्याला मोजते. मी उठून दुसरीकडे गेले तर तिला वाटेल, माझा तिच्यावर विश्वास नाही. थंडीच आहे, म्हणाली, सोसेन."

"कुठला मंगळवार?" मी विचारलं.

"अकरा एप्रिल." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं तिने माझ्याकडून."

अकरा एप्रिल. त्यानंतर ती पाच वेळा त्या खुर्चीवर बसली. बारा, चौदा, सतरा, एकोणीस, एकवीस. मला मोजायचं नव्हतं.

मी हात पुढे केला, त्याच्या हातापर्यंत नाही, पलंगाच्या कडेपर्यंत. त्याने तो पाहिला. मग कागद सरळ केले, घडी घातली आणि खिशात ठेवले. आईची साडी मघाशी त्याने माझ्यासाठी बाजूला काढली होती. ती त्याने उचलली आणि परत रेशमी साड्यांच्या ढिगावर ठेवली. रागाने नाही. जपून, घडी न मोडता.

"आज नको, ताई," तो म्हणाला. "मला माहीत आहे तुम्ही मुद्दाम नाही केलंत. ते मला माहीत आहे. पण आज तुम्ही जा."

"पुन्हा कधी येऊ?"

तो साड्यांकडे बघत बसला. मी चपला घातल्या, थोडा वेळ उंबऱ्याशी उभी राहिले. आतून आवाज आला नाही, तेव्हा दार मीच बाहेरून ओढून घेतलं.